म्हातारपणाची शिदोरी कोणाच्या हाती?



दिवसभराच्या उन्हाने तापलेले अंग जरा निवावे म्हणून संध्याकाळी बाहेर पडलेल्या श्रोत्यांपुढे पेन्शनीसारखा विषय मांडणे हे धाडसच आहे. चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्हीही क्षणभर थबकलो. एखादे संतचरित्र घ्यावे, नर्सीचे नामदेव तर घरचेच, असे मनात आले. पण मग आम्हाला महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली बँकेपुढची रांग आठवली, आणि आज या रांगेविषयीच बोलावयाचे असे आम्ही ठरविले.

ही रांग आपण सर्वांनी पाहिली आहे. तीत तीन प्रकारची वृद्ध माणसे असतात. पहिले असतात निवृत्त गुरुजी, तलाठी, कारकून. महागाई वाढली की त्यांची पेन्शनही थोडी वाढते, आणि नातवाला पेढा देण्यापुरते पैसे त्यांच्या खिशात उरतात. दुसरे असतात साखर कारखान्यातून किंवा गिरणीतून निवृत्त झालेले कामगार. तीस-तीस वर्षे पगारातून फंड कापून दिलेल्या या माणसांच्या हाती पडते ती रक्कम सांगताना त्यांची मान खाली जाते. १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत किमान पेन्शन ठरली ती २०१४ मध्ये, आणि तीही महिना १००० रुपये. तिसरी असते सेनगाव किंवा औंढ्याकडच्या खेड्यातून एस.टी.ने आलेली म्हातारी. ती श्रावणबाळ योजनेचे पैसे आले की नाही हे विचारावयास आलेली असते. ते पैसे २०२३ मध्ये हजाराचे दीड हजार झाले.

आणि चौथा माणूस रांगेत नसतोच. तो मोंढ्यात हळदीची पोती वाहत असतो, नाहीतर कोणाच्या तरी शेतात खुरपत असतो. त्याचे वय पासष्टाच्या पुढे गेलेले असते. पण काम थांबले तर चूल थांबेल, म्हणून तो थांबत नाही.

ही रांग आपोआप लागलेली नाही. कोणाला किती मिळावे, कोणाच्या पैशातून मिळावे आणि तो पैसा मधल्या तीस-चाळीस वर्षांत कोणाच्या हाती राहावा, हे कोणीतरी केव्हातरी कायदे करून ठरविलेले असते. अशा दोन माणसांची कारकीर्द आज आपल्यापुढे ठेवावयाची आहे. दोघेही अर्थशास्त्र जाणणारे आणि दोघेही मंत्री. एक आपल्या कोकणातले. दुसरे पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाचे. पहिल्याने सामान्य माणसाची म्हातारपणाची शिदोरी खाजगी हातांतून काढून सरकारच्या हाती दिली. दुसऱ्याने ती सरकारच्या हातून काढून खाजगी हातांत दिली. दोघेही प्रामाणिकपणे समजत होते की आपण गरिबाच्या पैशाला कुलूप लावीत आहो.

पहिले गृहस्थ म्हणजे चिंतामणराव देशमुख. जन्म १४ जानेवारी १८९६, महाडजवळचे नाते हे गाव, रायगडाच्या छायेतले. १९१२ च्या मॅट्रिकला ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. केंब्रिजला जाऊन त्यांनी शिकले काय, तर वनस्पतिशास्त्र! १९१८ मध्ये आय.सी.एस. परीक्षेतही पहिला क्रमांक त्यांचाच. नेमणूक झाली मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, म्हणजे आपल्या शिवेपलीकडच्या मुलखात. त्या वेळी आपण निजामाच्या अमलाखाली होतो. पुढे ते रिझर्व्ह बँकेत गेले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९४४ साली ब्रेटन वुड्सला युद्धोत्तर जगाच्या पैशाची घडी बसविली जात होती, तेथेही ते होते. १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँक सरकारच्या मालकीची झाली तेव्हा गव्हर्नर तेच होते, आणि १९५० च्या जूनमध्ये ते देशाचे अर्थमंत्री झाले. फावल्या वेळात याच माणसाने कालिदासाचे मेघदूत मराठीत आणले. म्हणजे आकड्यांत राहूनही मन कोरडे पडू न दिलेला हा माणूस होता.

आता १९५५ ची स्थिती पाहा. त्या काळी सरकारी नोकर सोडला तर पेन्शन हा शब्द कोणाच्या घरी नव्हता. कारखान्यातल्या कामगारांसाठी भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ मध्ये नुकताच झाला होता. बाकीच्या मध्यमवर्गाची म्हातारपणाची सोय म्हणजे विम्याची पॉलिसी. पंचविशीत घ्यावयाची, पोटाला चिमटा घेऊन हप्ते भरावयाचे, आणि पंचावन्नाव्या वर्षी जी रक्कम हाती येईल तीत मुलीचे लग्न आणि स्वतःचे म्हातारपण दोन्ही बसवावयाचे. हा पैसा खाजगी कंपन्यांच्या हाती होता. काही कंपन्या चोख होत्या, हेही सांगितले पाहिजे. पण देशमुखांनीच त्या वेळी देशाला सांगितले की मागल्या दहा वर्षांत पंचवीस विमा कंपन्या दिवाळ्यात निघाल्या, आणि आणखी पंचवीस कंपन्यांनी आपली पुंजी अशी उधळली की त्यांचा कारभार पॉलिसीवाल्यांचे नुकसान सोसून दुसऱ्यांच्या गळ्यात घालावा लागला. १९५५ च्या डिसेंबरात फिरोज गांधींनी लोकसभेत एका मोठ्या उद्योगपतीच्या विमा कंपनीचे प्रकरण उघडे केले. हप्त्यांचा पैसा मालकाच्या सट्ट्याकडे वळला होता.

१९ जानेवारी १९५६ च्या रात्री देशमुख आकाशवाणीवर बोलले. वटहुकूम निघाला होता. देशी, विदेशी आणि प्रॉव्हिडंट संस्था मिळून २४५ विमा संस्थांचा कारभार त्या रात्री सरकारने हाती घेतला. बातमी आधी फुटली असती तर तिजोऱ्या रातोरात रिकाम्या झाल्या असत्या, म्हणून सारे इतक्या गुप्तपणे केले गेले की सकाळी सरकारी अधिकारी दारात उभा राहिला तेव्हाच पुष्कळ कंपन्यांना कळले. जूनमध्ये कायदा झाला, आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. त्या कायद्यातले ३७ वे कलम फार मोलाचे आहे: पॉलिसीची रक्कम आणि तीवरचा जाहीर बोनस यांना केंद्र सरकारची हमी. गावोगाव हिंडणाऱ्या विमा एजंटाच्या तोंडच्या शब्दाला जे वजन आले, ते या कलमामुळे.

१ सप्टेंबरला देशमुख मात्र मंत्रिपदावर नव्हते. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाला न विचारता झाला, आणि मुंबईतल्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी होत नाही, म्हणून त्यांनी राजीनामा दिला आणि जुलै १९५६ मध्ये लोकसभेत उभे राहून तो का दिला हे स्पष्ट सांगितले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आपला परभणी जिल्हा, आणि त्यातली ही हिंगोली, हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आली. ज्या माणसाने स्वतःची खुर्ची सोडली त्याचे नाव आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाशी असे जोडलेले आहे.

येथे गोष्ट संपली असती तर ती सोपी झाली असती: खाजगी हात वाईट, सरकारी हात चांगला. पण दीड वर्ष उलटते न उलटते तोच, १९५७ साली, याच महामंडळाने कलकत्त्याच्या हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपास किमतीचे शेअर विकत घेतल्याचे उघडकीस आले. हे शेअर कोणी शहाण्याने घ्यावेत असे नव्हते. प्रश्न लोकसभेत पुन्हा फिरोज गांधींनीच मांडला. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी चौकशी केली, तीही बंद खोलीत नव्हे, उघड्यावर, लोकांच्या गर्दीपुढे. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना जावे लागले. देशमुखांनी मालकाच्या हातापासून पैसा वाचविला. पण सत्तेचा हातही तेवढाच लांब असतो, हे दोन वर्षांच्या आत दिसले. फरक एकच होता. मालकाने खाल्ले तर पॉलिसीवाला बुडत असे. महामंडळाचे चुकले तेव्हा मंत्री बुडाला आणि पॉलिसीवाल्याला हमीप्रमाणे त्याचे पैसे मिळाले. हा फरक लहान नाही. कारण त्या वेळी देशात बोलके संसदगृह होते आणि न्यायमूर्तीला उघड चौकशी करता येत होती.

हे वाक्य मनात ठेवून आपण आता दुसऱ्या माणसाकडे जाऊ. कारण त्याच्या देशात, त्याने कायदा केला तेव्हा, यांपैकी काहीच नव्हते.

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम काठाला मिरचीसारखा लांबट देश आहे, त्याचे नाव चिली. तांब्याच्या खाणींचा देश. तेथले होसे पिन्येरा यांचा जन्म १९४८ चा; वडील देशाचे राजदूत. सान्तियागोच्या कॅथलिक विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून ते हार्वर्डला गेले आणि १९७४ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. त्याच्या आदल्या वर्षी, ११ सप्टेंबर १९७३ रोजी, चिलीत लष्कराने बंड करून सत्ता घेतली होती. जनरल पिनोशे राज्य करीत होता. संसद बंद, पक्ष बंद, विरोधक तुरुंगात नाहीतर बेपत्ता. अशा राज्यात १९७५ साली पिन्येरा परतले, आणि १९७८ च्या डिसेंबरात, वयाच्या तिसाव्या वर्षी, श्रम आणि सामाजिक सुरक्षेचे मंत्री झाले.

चिलीतली जुनी पेन्शन व्यवस्था चांगली होती, असे कोणी समजू नये. तो देश या बाबतीत जुना. तेथे १९२४ पासून सामाजिक विमा होता. पण धंद्यागणिक वेगळे फंड, वेगळे नियम. ज्यांचा वशिला त्यांना लवकर आणि भरघोस पेन्शन. ज्यांचा नाही, तो खाणकामगार पासष्ट वर्षांचा होईपर्यंत खणत राही. भाववाढ शेकडो टक्क्यांवर गेली की हाती येणाऱ्या पेन्शनीचा पाचोळा होई. पिन्येरांचा राग राजकारण्यांच्या हातावर होता. त्यांचे म्हणणे असे: कामगाराचा पैसा सामायिक हौदात ओतला की तो शहाण्यांच्या ओंजळीत जातो, म्हणून प्रत्येकाचा घडा वेगळा करा, त्यावर त्याचे नाव घाला आणि त्याच्या हाती पासबुक द्या.

त्याप्रमाणे ४ नोव्हेंबर १९८० रोजी ३५०० क्रमांकाचा हुकूमनामा निघाला, आणि तो अमलात आला १ मे १९८१ रोजी; कामगार दिनाचा मुहूर्त मुद्दाम साधला होता. योजना अशी. कामगाराने पगाराचा दहावा हिस्सा स्वतःच्या खात्यात भरावयाचा. मालकाने काही भरावयाचे नाही. खाते सांभाळावयाचे ते खाजगी कंपन्यांनी. त्यांचे कमिशन वेगळे. कामगाराला कंपनी बदलण्याची मुभा. साठलेल्या रकमेतून पुरुषाला पासष्टीला आणि स्त्रीला साठीला पेन्शन. नियमाने भरणा करणाऱ्यास अखेरच्या पगाराच्या सत्तर टक्क्यांच्या घरात पेन्शन बसेल, असा हिशेब होता. मंत्री स्वतः दूरचित्रवाणीवर येऊन, सोप्या शब्दांत, हे लोकांना समजावून देत. नव्या योजनेत गेलेल्याच्या हाती महिन्याकाठी चार पैसे अधिक पडत, म्हणून थोड्याच काळात बहुसंख्य कामगार तिकडे गेले. एकच वर्ग या योजनेतून वगळला गेला: लष्कर आणि पोलीस. त्यांनी आपली जुनी सरकारी पेन्शन तशीच ठेवली. ज्यांच्या बंदुकीच्या बळावर कायदा झाला, त्यांनी स्वतःसाठी तो घेतला नाही, ही नोंद इतिहासात राहील.

पिन्येरा पुढे खाणमंत्री झाले आणि १९८१ च्या अखेरीस सरकारातून बाहेर पडले. लोकशाही परतल्यावर १९९३ मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले, तेव्हा शंभरातली सहा मते त्यांना मिळाली. पण देशाबाहेर त्यांचा शब्द मोठा झाला. ते देशोदेशी हिंडून आपल्या योजनेचा प्रचार करू लागले. १९९४ मध्ये जागतिक बँकेने म्हातारपणाच्या संकटावर मोठा अहवाल काढला आणि अशा खात्यांची शिफारस केली. १९८१ पासून २०१४ पर्यंत तीस देशांनी थोड्याफार फरकाने हा मार्ग धरला.

भगिनींनो आणि बंधूंनो, पेन्शनीचा कायदा आंब्याच्या कलमासारखा नाही, की चौथ्या-पाचव्या वर्षी फळ पाहावे. हे चिंचेचे झाड आहे. पंचविशीत भरू लागलेला माणूस साठीला येतो तेव्हा कोठे त्याची चव कळते; आणि लावणारा मंत्री तोवर कधीच निघून गेलेला असतो.

चिलीत ही चव कळली ती एकविसाव्या शतकात. न्याय करावयाचा तर पहिली गोष्ट ही की पैसा चोरीला गेला नाही. फंड वाढला, देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दोन-तृतीयांशाहून मोठा झाला, आणि त्यातून उद्योगांना भांडवल मिळाले. पिन्येरांचा घडा फुटला नाही. पण घड्यात पाणी किती पडले, हा प्रश्न त्यांनी पुरता विचारला नव्हता. हंगामी कामगार वर्षातले चार महिने भरणार, आठ महिने नाही. बाई बाळंतपणात आणि घरच्या आजारपणात वर्षानुवर्षे भरणार नाही, आणि पुरुषाहून पाच वर्षे आधी निवृत्त होणार. मालकाची वर्गणी नाहीच. आणि कमिशन? ते दरमहा ठरल्याप्रमाणे जाणार.

येथे आम्ही एक साधा हिशेब सांगतो, घरी जाऊन करून पाहा. महिना १००० रुपये पस्तीस वर्षे भरले आणि आठ टक्के व्याज पडले, तर सुमारे २३ लाख होतात. यातला एकच टक्का दर वर्षी खर्चापायी गेला, म्हणजे व्याज सातच टक्के पडले, तर होतात १८ लाख. ऐकावयास एक टक्का. पण म्हातारपणी पाचव्या हिश्श्याहून अधिक पुंजी गेली. लहान खर्च आणि लांब मुदत यांची गाठ पडली की असे होते.

तेव्हा पुष्कळांच्या हाती किमान वेतनाहूनही कमी पेन्शन पडली. २००८ मध्ये राष्ट्राध्यक्ष मिशेल बाशेले यांच्या सरकारला, ज्यांच्या खात्यात काहीच नाही त्यांच्यासाठी, सरकारी तिजोरीतून पेन्शन द्यावी लागली. २०१६ मध्ये लाखो लोक या कंपन्यांविरुद्ध रस्त्यावर आले. महामारीच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, संसदेने लोकांना आपल्या खात्यातला दहावा हिस्सा तीन वेळा काढू दिला. घडा गरजेपोटी रिता झाला. जानेवारी २०२२ मध्ये जवळजवळ सर्व वृद्धांना सरकारी हमीची पेन्शन देणारा कायदा झाला. त्यावर सही करणारे राष्ट्राध्यक्ष होते सेबास्तियान पिन्येरा, होसे यांचे सख्खे भाऊ. आणि २०२५ च्या आरंभी चिलीच्या संसदेने मालकाची वर्गणी पुन्हा आणली. इतर देशांचे म्हणाल, तर त्या तिसांपैकी अठरा देश २०१८ पर्यंत मागे फिरले होते, असे आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने नोंदविले आहे. अर्जेंटिनाने तर २००८ मध्ये सारी खाजगी खाती एका कायद्याने सरकारात जमा केली. म्हणजे पिन्येरांना ज्या हाताची भीती वाटत होती, तो हात शेवटी पोचलाच.

आता हिंगोलीला परत येऊ. पिन्येरांचे वारे येथवर आले ते दिल्लीमार्गे. १९९८ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने सु. आ. दवे यांची समिती नेमली. तिचा अहवाल २००० साली आला: प्रत्येकाचे स्वतंत्र खाते, जन्मभर एकच क्रमांक, गुंतवणूक व्यावसायिक हातांत. ही समिती नेमली गेली होती ती ज्यांना पेन्शनच नाही अशा असंघटित माणसांच्या विचाराने. मोंढ्यातल्या हमालाच्या आणि शेतमजुराच्या. पण योजना आली तेव्हा प्रथम लागू झाली ती ज्यांना आधीच चांगली पेन्शन होती त्या सरकारी नोकरांना: केंद्रात १ जानेवारी २००४ पासून, आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून. इतर नागरिकांसाठी तिचे दार उघडले १ मे २००९ रोजी. औषध एकाच्या नावाने आणले आणि पाजले दुसऱ्याला, असेच हे झाले.

यातून शाळाशाळांत काय झाले ते या सभेतील शिक्षक आमच्याहून चांगले जाणतात. एकाच खोलीत बसणारे, एकच पुस्तक शिकविणारे दोन गुरुजी. एक ३१ ऑक्टोबरच्या आत लागलेला, एक नंतर. एकाला अखेरच्या पगाराच्या निम्म्याची शाश्वती. दुसऱ्याला बाजार देईल ते. मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला, तो १४ तारखेपासून २० तारखेपर्यंत चालला. २०२४ च्या आरंभी, ज्यांच्या नोकरीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ च्या आधी निघाली होती, त्यांना जुनी पेन्शन निवडण्याची मुभा राज्याने दिली. आणि १ एप्रिल २०२५ पासून केंद्राने नवी जोड-योजना आणली: वर्गणी दोघांचीही, पण पंचवीस वर्षे सेवा झालेल्यास अखेरच्या वर्षातील सरासरी मूळ पगाराच्या निम्म्याची हमी.

तारखा जुळवून पाहा. चिली खाजगी टोकाकडून निघाला, आपण सरकारी टोकाकडून. आणि २०२५ साली दोघेही मधल्याच वाटेवर एकमेकांना भेटले. खाते ज्याचे त्याचे असावे, पण त्याखाली सर्वांची मिळून एक जमीन असावी, येथे दोघे आले. चाळीस वर्षांच्या प्रयोगाचे फळ हे असे आहे.

पण आमचा चौथा माणूस अजून रांगेच्या बाहेरच आहे. देशमुखांचा विमा हप्ता भरू शकणाऱ्यासाठी होता. पिन्येरांचे पासबुक पगार घेणाऱ्यासाठी होते. ज्याच्या हाती महिन्याचा पगारच येत नाही, त्याचा विचार दोघांच्याही कायद्यात पहिल्या पानावर नव्हता. त्याच्यासाठी २०१५ मध्ये अटल पेन्शन योजना आली. साठीनंतर महिना १००० ते ५००० ची हमी. ती चांगलीच आहे, घ्यावी. पण येथेही हिशेब करा. भाव दर वर्षी सहा टक्क्यांनी वाढले तर तीस वर्षांनंतरच्या ५००० रुपयांची किंमत आजच्या ८७० रुपयांएवढी राहील. सरकारने रुपयांची हमी दिली आहे, भाकरीची नव्हे.

मग करावे काय? आमच्या मते याचे एक उत्तर महाराष्ट्राने स्वतःच शोधून ठेवले आहे. ते सान्तियागोहून आलेले नाही, दिल्लीहूनही नाही. ते हमालाच्या पाठीवरून आलेले आहे. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगार संघटित केले; पुण्यात डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. त्याची युक्ती अशी. हमालाचा मालक एक नसतो. आज या दुकानाचे पोते, उद्या त्या. म्हणून व्यापारी आणि कामगार दोघांनीही मंडळात नोंद करावयाची. मजुरी मंडळामार्फत द्यावयाची, आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही व्यापाऱ्याने भरावयाची. त्या लेव्हीतून हमालाचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधपाणी. मंडळावर व्यापारी, कामगार आणि सरकार तिघेही बसतात. म्हणजे एका हातावर दुसऱ्या दोघांची नजर असते. जेथे नोंदणी प्रामाणिक आहे तेथे पाठ वाकलेल्या माणसालाही निवृत्त होताना रक्कम मिळते. जेथे नोंदणीच टाळली जाते, तेथे कायदा कपाटात राहतो. खोट कायद्यात नाही, आपल्या वहीत आहे.

हिंगोली आणि वसमत येथे हळदीचा केवढा व्यापार होतो, हे आम्ही सांगावयास नको. ती हळद उतरविणारा, तोलणारा, थप्पी लावणारा माणूस याच गावचा आहे. तेव्हा येथे बसलेल्या व्यापारी बंधूंना आमची विनंती आहे: आपल्या दुकानी पोते उचलणाऱ्या किती माणसांची नावे कोठल्याही नोंदवहीत आहेत, हे उद्या सकाळी पाहावे. आणि नोकरदारांना विनंती आहे की फंडाचे पासबुक वर्षातून एकदा तरी उघडून मालकाचा भरणा खरोखर पडतो का ते पाहावे, आणि वारसाची नोंद तपासावी. मुंदडा प्रकरण पकडले गेले ते कोणीतरी हिशेब वाचला म्हणून.

उद्या कोणी मंत्री नवी पेन्शन योजना घेऊन आपल्या दारी येईल, कोणत्याही पक्षाचा असो. त्याला टाळ्या देण्याआधी आपण विचारावे: या पैशावर नजर कोणाची राहील आणि खर्चापायी किती जाईल? भाव वाढले तर तोटा कोणी सोसावयाचा? आणि ज्याला महिन्याचा पगार नाही, त्याचे नाव या कागदावर कोठे आहे? योजना सरकारी आहे की खाजगी, हा प्रश्न त्यानंतरचा.

चिंतामणरावांनी १९५६ साली दिलेली हमी सत्तर वर्षांनंतरही कायद्यात आहे. २००० पासून खाजगी कंपन्या विम्याच्या धंद्यात पुन्हा आल्या, २०२२ मध्ये महामंडळाचे काही शेअर बाजारात विकले गेले. पण ३७ वे कलम राहिले. राज्ये बदलतात, मंत्री जातात. जे कलम गरिबाला त्याचा शब्द परत मिळवून देते, तेवढे टिकते. बँकेपुढची रांग आम्ही उद्या पुन्हा पाहू. तीत तो चौथा माणूस उभा राहिलेला दिसावा, आणि त्याने पाठीवरचे पोते खाली ठेवलेले असावे, एवढीच आमची इच्छा आहे.